शून्य विद्यार्थी सापडले

वैशाली माझ्यासमोर उभी होती. एका हातात ओळखपत्र हरवल्याचा अर्ज, दुसऱ्या हाताने माझ्या टेबलावरच्या टाचण्यांच्या डबीची उघडझाप. आणि संगणक सांगत होता, ‘शून्य विद्यार्थी सापडले.’ मी पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. शेवटी तिनेच हळूच विचारलं, “सर, मी नाहीये का?”

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याकडे या प्रश्नाचं काही उत्तर असेल. मी भूगोल शिकवतो.

भूगोलाचा माणूस संगणकापुढे कसा आला, ही कथा छोटी आहे. तीन वर्षांपूर्वी शाळेत हे सॉफ्टवेअर आलं, तेव्हा मुख्याध्यापिका मॅडमनी स्टाफरूममध्ये विचारलं, “टायपिंग कोणाला येतं?” सगळ्यांनी मान खाली घातली. मी खिडकीबाहेर बघत होतो, त्यामुळे माझी मान तेवढी वर राहिली. त्या दिवसापासून मी ‘संगणक विभाग’ आहे. कंपनीकडून एक तरतरीत मुलगा येऊन अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण देऊन गेला. एक खोटा विद्यार्थी भरायचा, त्याला सहावीत टाकायचा, मग नावाची पहिली तीन अक्षरं लिहून तो शोधायचा. मी भरला, मी शोधला, तो सापडला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जाताना त्या मुलाने एक छापील पान दिलं. ‘कमी वेळात नोंदी शोधण्याच्या युक्त्या.’ ते मी भिंतीवर चिकटवलं. त्यातली एकेक युक्ती समजून घ्यायला मला जितका वेळ लागला, तितक्या वेळात शाळेची सगळी रजिस्टरं सुवाच्य अक्षरात दोनदा उतरवून झाली असती.

वैशालीला मी त्या पानावरच्या पहिल्या युक्तीने शोधलं. जिथे शंका असेल तिथे स्टार टाका. म्हणजे नावाचं पहिलं अक्षर सोडून दिलं, त्याजागी * टाकला आणि पुढचं ‘ऐशाली’ रोमन अक्षरांत लिहून एंटर दाबलं. सापडली! तिचा व मी इंग्रजी व्ही समजत होतो, नोंदीत तो डब्ल्यू होता. “आहेस बरं का,” मी म्हटलं. तिला माझ्यापेक्षा जास्त हायसं वाटलं.

ती गेल्यावर मी तिची नोंद डब्ल्यूने करणाऱ्या महाभागाला मनातल्या मनात दोन शब्द सुनावले. मग सहज उजवीकडे सरकवून पाहिलं, तर शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘नोंद कोणी केली’. त्याखाली माझी आद्याक्षरं होती. पुढच्या नोंदीखालीही. त्याच्या पुढच्याही. तीन वर्षांपूर्वीच्या एका सुट्टीत सगळ्या शाळेची नावं मीच बसून भरली होती, आणि आज मी स्वतःच पुरलेल्या वस्तू स्वतःच उकरत होतो. फरक इतकाच, की पुरताना नकाशा काढला नव्हता. भूगोलाच्या माणसाला हे शोभत नाही.

त्या पानावर ‘उच्चारावरून शोधा’ अशीही एक युक्ती होती. माझ्यासारख्यांसाठीच कोणीतरी केलेली दिसते, म्हणून मी तिच्या मुळाशी गेलो. ही पद्धत तशी जुनी. साउंडेक्स म्हणतात तिला, आणि तिचं पेटंट १९१८ साली अमेरिकेत रॉबर्ट रसेल नावाच्या माणसाने घेतलं. म्हणजे नावं चुकीची लिहिणारे लोक आणि ती सापडत नाहीत म्हणून कपाळाला हात लावणारे लोक, दोन्ही संगणकाच्या कितीतरी आधीपासूनचे. तिची रीत अशी : रोमन लिपीतल्या नावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, पुढचे सगळे स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय उडवायचे, आणि उरलेल्या व्यंजनांना उच्चाराच्या गटाप्रमाणे आकडे द्यायचे. मग दीपक कोणी दोन ई घालून लिहो की एका आयवर भागवो, दोघांचा संकेत एकच, डी-१२०. मला रसेलसाहेबांचे पाय धरावेसे वाटले. पण पी आणि व्ही एकाच गटात, के आणि जे एकाच गटात. त्यामुळे दीपकला हाक मारली की देविकाही धावत येते आणि दिविजही. आणि पहिलं अक्षर तसंच ठेवायचं असल्यामुळे व्हीची वैशाली आणि डब्ल्यूची वैशाली काही केल्या एकमेकींना भेटत नाहीत. ज्या एका दुखण्यासाठी मी हे औषध घेतलं, तेवढं सोडून बाकी सगळ्यांवर ते लागू पडत होतं.

मग मी ठरवलं, रोमनचा नादच सोडायचा, देवनागरीच्या रकान्यात शोधायचं. आपली लिपी, जसं बोलतो तसं लिहितो, गोंधळाला जागाच नाही. हा आनंद कुऱ्हाडे आडनावाचा मुलगा येईपर्यंत टिकला. मी ‘कुऱ्हाडे’ लिहिलं. शून्य विद्यार्थी. पूर्ण यादी काढून डोळ्यांनी शोधलं, तर तो सरळ दिसत होता, ‘कुर्‍हाडे’. अक्षर नि अक्षर तेच. खाली माझा शब्द, वर त्याचा शब्द. मी भिंग लावून पाहिलं. खोटं सांगत नाही, नकाशे बघायला ठेवलेलं भिंग खरोखरच काढलं. काहीही फरक नव्हता.

फरक होता तो आत. मराठीतला तो पापणीसारखा र संगणकावर दोन तऱ्हांनी उमटतो. एक, नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलन्त जोडायचा. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, हलन्त, आणि त्यापुढे एक अदृश्य, शून्य रुंदीचं जोडचिन्ह. दिसायला जुळी भावंडं, पण संगणक चेहरा बघत नाही, तो हाडं मोजतो. घरच्या संगणकावर मी एक कीबोर्ड वापरत होतो, शाळेतल्यावर दुसरा. म्हणजे अर्धे कुऱ्हाडे घरी भरलेले आणि अर्धे शाळेत. आता मी ‘हाडे’ एवढंच टाकून शोधतो. कमी अक्षरं लिहा, जास्त सापडेल, हे त्या पानावर तिसऱ्या क्रमांकाला होतंच. तेव्हा मला तो आळशीपणाचा सल्ला वाटला होता.

अदृश्य गोष्टींचा विषय निघालाच आहे, तर एका मुलाच्या नावाआधी माझ्या अंगठ्याने एक मोकळी जागा पडली होती. अक्षरांच्या क्रमात मोकळी जागा सगळ्यांच्या आधी येते. त्यामुळे आडनावाने खरं तर शेवटून दुसरा असलेला तो तीन वर्षं प्रत्येक यादीत पहिला होता आणि प्रत्येक तोंडी परीक्षेला सगळ्यात आधी उभा राहत होता. हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही.

पण हे सगळं किरकोळ. खरा दिवस गेल्या वर्षी उगवला. मॅडम दारातूनच म्हणाल्या, “सर, एक मिनिटाचं काम आहे. सातवी-आठवीतली, बसने न येणारी मुलं काढा. त्यांना उद्या मागच्या फाटकातून सोडायचंय.”

मी आत्मविश्वासाने लिहिलं : बस ‘नाही’. उत्तर आलं, दोन. मॅडम म्हणाल्या, “मागच्या फाटकाशी सायकलीच नुसत्या शंभर असतात!” मग लक्षात आलं, माझा शोध कालच्या शोधाच्या आत चालला होता. काल मी चित्रकलेच्या परीक्षेची चौदा मुलं निवडली होती, ती निवड तशीच अंगावर होती, आणि त्या चौदांतच मी शाळा शोधत होतो. ‘आधी जुनी निवड पुसा’ हेही पानावर होतं. पहिल्या युक्तीच्याही वर, ठळक अक्षरात. ठळक अक्षरं वाचायची माझी सवय मोडली आहे.

जुनी निवड पुसली. ‘सातवी किंवा आठवी आणि बस नाही’ असं नीट लिहिलं. आख्खी सातवी समोर आली, बसवाल्यांसकट. तुम्ही-आम्ही हे वाक्य ऐकलं तर बरोबर समजतो. संगणक मात्र गुणाकार-भागाकार आधी उरकणाऱ्या गणिताच्या सरांसारखा ‘आणि’ आधी उरकतो, मग ‘किंवा’कडे वळतो. त्याच्या मते मी सगळी सातवी मागितली होती, आणि शिवाय आठवीतली बस नसलेली मुलं. ‘सातवी किंवा आठवी’ला कंस घालायला हवा होता. कंस घातला. आता पाच मुलं आली.

“पाचच?” मॅडम खुर्ची ओढून बसल्या. एक मिनिटाचं काम करायला खुर्ची लागली की समजावं.

मी उलटं विचारून पाहिलं : ज्यांची बस ‘हो’ नाही ते सगळे. पुन्हा तीच पाच. इथे माझा तोल जायला लागला. बस ‘हो’ असलेली मुलं सव्वाशेच्या आसपास, ‘हो’ नसलेली पाच, आणि उरलेली गेली कुठे? हवेत? अर्ध्या तासाने कळलं, की उरलेल्यांचा बसचा रकाना रिकामा आहे. आणि डेटाबेसच्या न्यायात रिकामा रकाना ‘हो’च्या बरोबरही नसतो आणि ‘हो’पेक्षा वेगळाही नसतो. त्याच्याबद्दल काहीही विचारा, उत्तर एकच : माहीत नाही. आणि ‘माहीत नाही’ला यादीत जागा नाही. ‘किंवा रिकामं’ अशी पुस्ती स्वतंत्रपणे जोडावी लागते. ते रकाने कोणी रिकामे ठेवले? उजवीकडे सरकवून पाहायची गरज नव्हती. त्या सुट्टीत बसच्या रकान्यापाशी येईपर्यंत संध्याकाळ व्हायची आणि मी म्हणायचो, हे नंतर भरू.

अखेर यादी आली. ८४ नावं. वर्गशिक्षकांनी हाताने मोजून ८३ सांगितली होती. आम्ही दोन्ही आकड्यांकडे पाहिलं. “एकाचा फरक चालतो,” मी म्हटलं, आणि मॅडमनी ते मान्य केलं, कारण तोवर मधली सुट्टी संपली होती.

त्यानंतर मात्र मी मनावर घेतलं. नाव हा शोधायचा प्रकारच नाही, नोंदणी क्रमांक विचारायचा. तो दोघांचा सारखा नसतो आणि त्याला पापणीचा र नसतो. जन्मतारखा वर्ष-महिना-दिवस अशा भरल्या, म्हणजे ४ मे की ५ एप्रिल हा वाद मिटला आणि क्रमही आपोआप लागला. जे शोध पुन्हापुन्हा लागतात ते नाव देऊन साठवून ठेवले. आजचे वाढदिवस, सोडून गेलेले धरून सगळे, वगैरे. (२९ फेब्रुवारी २०१२ चा एक मुलगा वाढदिवसाच्या शोधात चार वर्षांतून एकदाच येतो. त्याची तक्रार रास्त आहे, माझ्याकडे इलाज नाही.) फोनवरचा कचरा तर आधीच कमी केला होता. शाळेच्या यंत्रणेकडून रोज अकराच्या सुमारास मला एक संदेश यायचा, तो पहिल्याच आठवड्यात न वाचता गप्प करून टाकला होता. शाळेत बसून शाळेचे संदेश काय वाचायचे?

गेल्या आठवड्यात मॅडम पुन्हा दारात. “सर, एक मिनिटाचं काम आहे. हजेरी पन्नास टक्क्यांच्या खाली असलेले. पालकांना बोलावून घेऊ.”

या वेळी मी तयार होतो. जुनी निवड पुसली, साठवलेला शोध उघडला, रिकामे रकानेही धरले, क्रम चढता लावला. चार सेकंद. मॅडमच्या चेहऱ्यावर तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्याबद्दल आदर दिसला. त्यांनी चष्मा वर सरकवून पहिलंच नाव वाचलं.

“नववी. हजेरी शून्य टक्के. आठवीत शून्य. सातवीत शून्य. सर, हा मुलगा एक दिवससुद्धा शाळेत आलेला नाही आणि दरवर्षी वर चढतोय! नाव काय हे? अबक चाचणे?”

माझ्या पोटात खड्डा पडला. वर्षअखेरीला मी ‘सर्वांना पुढील इयत्तेत घ्या’ असं एकच बटण दाबतो. वेळ वाचतो.

“मॅडम, तो… तसा मुलगा नाहीये.”

“कसाही असू दे. मी स्वतः बोलते घरी.” त्यांनी आपला मोबाइल काढला आणि पडद्यावरचा पालकांचा क्रमांक एकेक आकडा उच्चारत दाबला. सहाव्या आकड्याला मला तो ओळखीचा वाटायला लागला. प्रशिक्षणाच्या दिवशी तो रकाना सक्तीचा होता, रिकामा सोडला तर पुढे जाऊ देत नव्हता.

माझ्या खिशात फोन वाजायला लागला.

“घ्या, तुमचा घ्या आधी,” मॅडम कानाला फोन लावून म्हणाल्या, “माझी रिंग जातेय अजून.”

मी फोन बाहेर काढला. वर त्यांचं नाव लुकलुकत होतं. त्याखाली, मिनिटापूर्वीच येऊन गप्प पडलेला आजचा संदेश : ‘आपला पाल्य आज शाळेत गैरहजर आहे.’