डोंबलाचं सोपं काम!

"ड्रम काढायचा, जुने शू उतरवायचे, नवे चढवायचे, ड्रम परत लावायचा. दोन तासांचं काम आहे." हे वाक्य पहिल्यांदा ज्याच्या तोंडून निघालं, त्याला एकदा माझ्या गाडीखाली उताणा झोपवायचाय मला. डोळ्यांत गंजाचा भुगा पडू दे, ब्रेक ऑइल मनगटावरून ओघळत बगलेपर्यंत येऊ दे, आणि मग विचारतो, हं, किती तास म्हणालात साहेब?

तीन रविवार गेले. तीन! आणि काम काय, तर जुन्या फोर बाय फोरच्या मागच्या दोन चाकांचे ब्रेक लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या शूंवरचे पट्टे, बदलायचे. पुढच्या चाकांच्या डिस्क ब्रेकला मी बोटसुद्धा लावणार नव्हतो.

पहिला रविवार डाव्या ड्रमनेच खाल्ला. हँडब्रेक सोडलेला, चाक उतरवलेलं, आणि ड्रम हबला असा धरून बसलेला की दोघांना एकाच साच्यात ओतलंय जणू. ड्रमच्या तोंडावर आट्यांची दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट घालून आलटूनपालटून पिळले की ड्रम आपसूक बाहेर येतो, असं शास्त्र सांगतं. माझ्या भोकांत आधी वाळका चिखल होता आणि त्याच्यामागे गंज. ते सगळं कोरून काढलं, बोल्ट पिळले, ड्रम बोटभर सरकला आणि थांबला. का, तर शू वर्षानुवर्षं घासून ड्रमच्या आत खड्डा पडतो आणि बाहेरच्या कडेला ओठ राहतो. शू त्या ओठाला अडकतात. मग मागच्या प्लेटच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून ॲडजस्टरचं, म्हणजे शू ड्रमच्या जवळ-लांब करणाऱ्या जोडाचं, दातेरी चाक उलटं फिरवायचं. फिरतं का ते? ते फिरलं असतं तर मी हे लिहीत बसलो असतो का!

शेवटी गंजाचा स्प्रे, हातोडा आणि घरच्यांसमोर न काढता येणारे शब्द, असं सगळं वापरून ड्रम निघाला. आत चक्क वीट भाजून ठेवलेली. ओढ्यात गाडी घालायची हौस आपलीच, त्यामुळे ओरडायचं तरी कुणावर? त्यात एक महाभाग म्हणतो, कंप्रेसरची हवा मार, दोन मिनिटांत साफ. अरे बाबा, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते उडवून छातीत भरून घेऊ? ओलं करायचं, फडक्याने पुसायचं आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकायचं.

उजव्या बाजूचा ड्रम मात्र हाताने ओढला आणि आला. लायनरही चांगला जाड, जवळजवळ नव्यासारखा. काळपट तेलकट होता, पण तेवढी घाण जुन्या गाडीत असायचीच. वाटलं, चला, एक चाक तरी गुणी निघालं. हे वाक्य लक्षात ठेवा. मला आयुष्यभर राहणार आहे.

स्प्रिंगांवर जास्त बोलत नाही. पक्कड निसटली, स्प्रिंग कानाजवळून गेली, अर्धा तास गवतात शोधली. एक बाजू जोडून होईपर्यंत दुसरी उघडू नका, बघून लावायला नमुना राहतो. आणि दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरचे आटे उलटसुलट असतात, त्यांची अदलाबदल केलीत तर स्वयंचलित ॲडजस्टर प्रत्येक वेळी शू आवळायच्या ऐवजी सैल करत बसेल. एवढं पुरे.

खरा नरक पुढे होता. डाव्या व्हील सिलेंडरचं, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणाऱ्या सिलेंडरचं, रबर नखाने उचललं तर आतून ओघळ. म्हणजे सिलेंडर बदला. म्हणजे त्याच्या पाठीमागचा पाइप सोडा. त्या पाइपचा नट इतका मऊ की साधा पाना लावला की कोपरे गायब. त्यासाठी खाच असलेला फ्लेअर नटचा पाना लागतो, तो माझ्याकडे होता, आणि नट फिरलाही! आनंद झाला. मग दिसलं की नटाबरोबर पाइपही फिरतोय. नट पाइपवर गंजून एकजीव झालेला. मी थांबेपर्यंत पाइपला ओल्या कपड्यासारखा पीळ बसला होता.

मग नवा पाइप करायचा. पावणेपाच मिलिमीटरची नळी, टोकाला दुहेरी फ्लेअर, म्हणजे तोंड पसरून आत दुमडलेलं. तिसऱ्या प्रयत्नात असा फ्लेअर आला की मी तो उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिला. गोल, एकसारखा, कुठे चीर नाही. आणि नट? नट समोर टेबलावर. फ्लेअर करण्याआधी नट नळीत ओवायचा असतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. च्यायला, मीच दुसऱ्याला सांगितलंय ते!

आता ब्रेक ऑइल. हे नाव कुणी पाडलं? ते ऑइल नाहीच! नावाला भुलून कुणीतरी त्यात खरंच इंजिन ऑइल ओततो आणि सगळी रबरं फुगून सिस्टिम भंगारात जाते. त्याचे डॉट ३ आणि डॉट ४ हे प्रकार ग्लायकॉलच्या घराण्यातले, हवेतलं पाणी ओढणारे. डॉट ४ ताजा असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतो, पाणी मुरल्यावर तीच हमी १५५ वर येते. घाटात उतरताना ब्रेक तापला की आतलं उकळतं, वाफ होते आणि पाय थेट जमिनीला टेकतो. डॉट ५ सिलिकॉनचा, तो यांच्यात मिसळायचा नाही. पण डॉट ५.१ परत ग्लायकॉलचा! हा आकडा ज्याने दिला त्याची मुंज करायला हवी परत. शिवाय हा द्रव रंग खातो. मडगार्डवर एक थेंब पडलेला मला संध्याकाळी दिसला. पाण्याने धुतला, तर रंगच बोटाला आला.

दुसऱ्या रविवारी ब्रेकच्या पाइपांत शिरलेली हवा काढायची होती. पेडलवर भाचा. सांगितलं, मी 'दाब' म्हणालो की दाबायचं, 'धर' म्हणालो की धरून ठेवायचं, चाकामागचा हवा सोडायचा निपल आवळून मी 'सोड' म्हणेपर्यंत पाय हलवायचा नाही. तीन शब्द.

"दाब."

"दाबलं."

"धर." मी निपल उघडतो. नळीतून बुडबुडे येताहेत, बाटलीत फेस.

"मामा, सोडू का?"

"नको!"

"काय? सोड म्हणालास?"

सुर्रर्र. काढलेली सगळी हवा उलट आत. हे किती वेळा झालं ते मोजलं नाही, मोजलं असतं तर भाच्याशी संबंध उरले नसते. त्याचीही चूक नाही म्हणा, तासभर मोबाइल न बघता बसला होता बिचारा.

बरं, फेस आला तोही चमचाभर. मास्टर सिलेंडरपासून, म्हणजे पेडल दाबलं की सगळ्या चाकांना दाब पाठवणाऱ्या सिलेंडरपासून, सगळ्यात लांबचं चाक आधी घ्यायचं म्हणून डाव्या मागच्यापासून सुरुवात केली होती, आणि तिथे धार अशी की नळ बंद करताना शेवटी येते तशी. पुन्हा टाकी भर, पुन्हा दाब, पुन्हा धर. दोन तास. मग ट्यूब पेटली. गाडी मी चेसिसखाली स्टँड लावून उचलली होती, मागचा ॲक्सल लोंबकळत होता. आणि या गाडीला मागच्या ब्रेकसाठी वजन ओळखणारा व्हॉल्व्ह आहे. ॲक्सल खाली लोंबला की त्याला वाटतं मागे काहीच वजन नाही, आणि तो मागचा दाब कमी करतो. शहाणा! स्टँड ॲक्सलखाली सरकवले, स्प्रिंगांवर वजन आलं, आणि डावीकडे सणसणीत धार.

पण या दोन तासांत भाच्याने पेडल शंभरदा तळापर्यंत हाणलं होतं. रोजच्या वापरात पेडल अर्ध्यावरच थांबतं, त्यामुळे मास्टर सिलेंडरच्या आतला पुढचा भाग वर्षानुवर्षं गंजत पडून असतो. त्यात सील घुसलं की फाटतं. तसंच झालं. पाय ठेवला की पेडल हळूहळू खाली, लिफ्टसारखं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा असतो हे ज्ञान मला सिलेंडर गेल्यावर आठवलं. लायनर बदलायला निघालेला माणूस मास्टर सिलेंडर विकत घेऊन घरी आला.

तिसरा रविवार. नवा मास्टर सिलेंडर. डावीकडे धार. आणि उजवीकडे? थेंब नाही. निपल पूर्ण काढून हातात घेतला, त्याच्या भोकातून आरपार आकाश दिसत होतं, मग गॅरेजच्या भिंतीकडे फेकून मारला. (परत शोधला.) रबरी होज सुजलाय का? पण होज दोन्ही चाकांना एकच, डावीकडे येतंय म्हणजे होज ठीक. राहिला ॲक्सलवरचा उजवा पाइप. त्याच्यावर बोटभर जाडीचा चिखल, दगड झालेला. छिन्नीने तो फोडत फोडत गेलो, आणि स्प्रिंगच्या क्लॅम्पच्या अलीकडे पाइप दुमडलेला. गंजलेला नाही, दगड लागलेला नाही. पद्धतशीर दुमडून, हातोड्याने ठोकून सपाट केलेला. वर दोन घाव मारल्याच्या खुणासुद्धा.

म्हणजे आधीच्या मालकाने एक चाक ब्रेकमधून काढूनच टाकलं होतं. आणि तशी गाडी मला विकली! मी तीन चाकांच्या ब्रेकवर ही गाडी उतारांवरून उतरवत होतो, घरच्यांना बसवून. ब्रेक मारला की ती जरा डावीकडे ओढायची, मी म्हणायचो, जुनी आहे, चालायचंच. आणि तो जाड, नव्यासारखा, गुणी लायनर! तो झिजेल कसा? त्या चाकाने कित्येक वर्षं कामच केलं नव्हतं.

त्या माणसाला मी त्या संध्याकाळी काय काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. चाक गळत होतं तर सिलेंडर बदल ना! नसेल जमत तर विकताना सांग. पाइप चेचून वर चिखल बसू देणं हे कुठल्या डोक्यातून निघतं?

नवा पाइप केला. नट आधी ओवला. हवा काढली, भाचा या वेळी पेडल धरून मुकाट बसला. पेडल वर आलं, टणक. लो रेंजमध्ये, पहिल्या गिअरला, अंगणातल्या अंगणात चार वेळा थांबवून पाहिली. सरळ थांबली.

काल सकाळी उजव्या मागच्या टायरच्या आतल्या बाजूला ओली रेघ दिसली. पोटात गोळा आला. सिलेंडर नवा, पाइप नवा, मग गळतंय काय? बोट लावलं, नाकाशी नेलं. ब्रेक ऑइल नव्हतं. गंधकाचा तो जाड कुबट वास, गिअर ऑइल. ॲक्सलचं सील गेलंय, आणि तेल सरळ ड्रममध्ये उतरतंय. तो जुना लायनर काळपट तेलकट का होता, हे आता कळलं. आधीच्या मालकालाही टायरवर हीच ओल दिसली असणार, आणि ती ब्रेकची समजून त्याने पाइप चेचला.

नवे लायनर तेल प्यायलेत. ते टाकूनच द्यायचे. आणि सीलसाठी आधी ड्रम काढायचा.