‘गेट’ म्हणजे मिळणे. बास, झालं शिकवून?

आज सकाळी सहावीतल्या एका मुलीची इंग्रजीची वही पाहिली आणि डोकंच फिरलं. ‘इट इज गेटिंग डार्क’चं मराठी तिनं लिहिलंय, ‘अंधार मिळत आहे.’ त्यावर लाल फुली. बरोबर उत्तर कुठेच नाही. दोन पानं मागे शब्दार्थांत मात्र फळ्यावरून उतरवलेलं, ‘गेट – मिळणे’, आणि त्याला बरोबरची खूण. मग पोरीचं चुकलं काय?

अहो, गेट एकटं शिकवायचंच नसतं. त्याच्यापुढे काय आलंय ते आधी बघायचं. नाम आलं तर मिळणं किंवा आणणं: ‘गेट मी सम वॉटर’, पाणी आण. विशेषण आलं की अवस्था बदलते: गेट टायर्ड म्हणजे दमणं, गेट ओल्ड म्हणजे म्हातारं होणं. तिच्या वाक्यातलं ‘डार्क’ विशेषण आहे, एवढं सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं! ‘टू’ आणि ठिकाण आलं की पोहोचणं. ‘गेट टू नाशिक’ बरोबर, पण होम, हिअर, देअरच्या आधी ‘टू’ येत नाही. ‘गेट टू होम’ तर कॉलेजातली मुलंही लिहितात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दुसऱ्याकडून काम करून घेण्यात. ‘आय कट माय हेअर’ म्हणजे स्वतः कात्री चालवली. सलूनमध्ये कापून घेतले तर ‘आय गॉट माय हेअर कट’. शब्दांची जागा बदलली की अर्थ बदलला. माणसाकडून काम करून घ्यायचं तर ‘टू’ हवाच: ‘गेट हिम टू साइन’. ‘मेक हिम साइन’मध्ये ‘टू’ नाही. तिथे जबरदस्ती आहे, गेटमध्ये बहुधा मनधरणी.

आणि ‘मिळणे’ चपखल बसतं तिथे ते कुणी सांगतच नाही. ‘आय गॉट टू सी द सी’, मला समुद्र बघायला मिळाला. पण ‘आय हॅव गॉट टू गो’ म्हणजे जायला मिळालं नव्हे, मला जायलाच हवं. तो ‘हॅव’ बोलताना गिळला जातो आणि ऐकणारा फसतो.

एका वर्गाच्या पन्नास-साठ वह्या तपासायच्या असतात, मान्य. पण मग निदान फुली तरी मारू नका.

खरं तर तिला समजावणं किती सोपं होतं. आपलं ‘पडणे’ घ्या. पाऊस पडतो, प्रश्न पडतो, स्वप्न पडतं, माणूस आजारी पडतो, सौदा महागात पडतो. घरात कुणी तिला ह्यांची यादी पाठ करायला लावली नाही. पुढचा-मागचा शब्द ऐकत ऐकत ती शिकली. गेटही तसंच शिकता येतं, सोबतच्या शब्दासकट.

तिला एवढंच विचारलं, ‘संध्याकाळी आई खिडकीतून बघून काय म्हणते?’ क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘अंधार पडतोय, घरी ये.’

तेच तिनं आता फुलीच्या खाली लिहिलंय.