विहिरीत पोहणाऱ्यांनी डायव्हिंग शिकावं, पण पहिल्यापासून

आमच्या चोपडा तालुक्यात पोहणं शिकायला कुणी क्लास लावत नाही. विहीर असते, पाठीला बांधलेला भोपळा किंवा रिकामा कॅन असतो आणि काठावर ओरडणारा काका असतो. मीही तशीच शिकले. त्यामुळे इकडची पोरं पाण्याला भीत नाहीत आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे. पण हल्ली मालवणला जाऊन आलेली मुलं भेटतात. तारकर्लीला मार्गदर्शकाने पाठीमागून धरून पाण्याखाली फिरवून आणलेलं असतं, माशांसोबतचा व्हिडिओ असतो आणि "ताई, स्कुबा आपल्याला जमतं" असा विश्वास असतो. आणि यांच्याच वयाची, गावातली पट्टीची पोहणारी मुलं, ऐन थंडीत कुणी धरणात बुडालं की निरोप आल्याबरोबर अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरतात. हे दोन्ही एकत्र डोळ्यासमोर आलं की मला काळजी वाटते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी स्कुबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली श्वास घेत फिरणं, शिकले ते नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असताना, लेस्टरशायरमधल्या स्टोनी कोव्ह या जुन्या दगडाच्या खाणीत. खाण बंद पडल्यावर तिच्यात पाणी साचलं आणि आता तिथे लोक डायव्हिंग शिकतात. सहा-सात मीटरवर पहिला टप्पा, वीस-बावीसवर दुसरा, त्याखाली आणखी खोल. दुसऱ्या टप्प्यावर मुद्दाम बुडवलेली एक टगबोट आहे. पाणी हिरवट, उजेड कमी, आणि थंडीच्या दिवसांत तापमान सहा-सात अंशांच्या आसपास. आपल्या कोकणात पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंश असतं. सुट्टीत घरी आले तेव्हा आमच्या आबांनी पहिला प्रश्न विचारला, "बेटा, तठे पानी कितलं थंड ऱ्हास?" आणि उत्तर ऐकल्यावर दुसरा, "मंग आपले काय करनं शे असा थंड पानीनं?"

प्रश्न रास्त आहे. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात राहणाऱ्या माणसाने थंड पाण्याचा विचार का करावा? पण थंड पाणी आपल्याकडेही आहेच. मे महिन्यात भरलेल्या विहिरीत ज्याने बुडी मारली आहे त्याला ठाऊक आहे, वरचा हातभर थर कोमट असतो आणि खाली गेलं की पाय एकदम गार पाण्यात शिरतात. ऊन वरून लागतं, गरम पाणी हलकं असल्याने वरच राहतं आणि खालच्या जड, गार पाण्यात मिसळत नाही. खोल तलावांत, धरणांतही हेच होतं. डायव्हिंगमध्ये या सीमारेषेला थर्मोक्लाइन म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत गोष्ट उलटते. विहिरीच्या पाण्यातून सकाळी वाफा निघतात, केळीच्या बागांना थंडीपासून जपायला शेतकरी रात्री तेच पाणी सोडतात. उघड्यावरच्या धरणाचं पाणी मात्र रात्रीच्या थंडीने निवत जातं. धुळ्याचा पारा दहाच्या खाली घसरतो त्या दिवसांत अनेर किंवा हतनूरच्या पाण्यात पहाटे उतरणं म्हणजे काय, हे आपल्या कोळी बांधवांना विचारा.

थंड पाण्यात सगळ्यात आधी दगा देतो तो श्वास. पंधरा अंशांच्या खालच्या पाण्यात माणूस अचानक पडला की छाती आपोआप हुंदका दिल्यासारखा श्वास ओढते, मग श्वास धापेसारखा चालतो, नाडी उडते. पहिल्या अर्ध्या मिनिटात हे सर्वांत जास्त असतं, दोन-तीन मिनिटांत ओसरतं. पण तो पहिला श्वास तोंड पाण्याखाली असताना आला तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. त्याला पोहता येतं की नाही याचा इथे संबंधच नाही. काठावरून मुटका मारून पाण्यात पडण्याची आपली सवय थंड पाण्यात म्हणूनच चालत नाही. हळूहळू उतरायचं, चेहऱ्यावर पाणी मारायचं, श्वास जागेवर येईपर्यंत थांबायचं.

माझ्या प्रशिक्षकांनी पहिल्या दिवशी खोलीचं नावही काढलं नाही. कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यावर बसवलं आणि डोळे-नाक झाकणारा मास्क काढायला सांगितला. स्विमिंग पूलमध्ये हे मी आरामात केलं होतं. सहा-सात अंशांचं पाणी नाकाडोळ्यांवर आलं तेव्हा तोंडात रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा श्वासाजोगी करून देणारं यंत्र, असूनही श्वास घेताच येईना. हवा समोर आहे, नळी चालू आहे, पण छाती ऐकत नाही. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून तसेच बसून राहिले. सोड, फक्त सोड, अशी खूण करत राहिले. श्वास पूर्ण बाहेर सोडला की पुढचा आत येतो, हे शरीराला पटायला वेळ लागला. मग मास्क घालायचा, डोकं किंचित मागे, वरची कड दाबून नाकाने हवा सोडायची, म्हणजे पाणी खालून निघून जातं. हे पुन्हा पुन्हा करून घेतलं. माझ्या मते संपूर्ण शिक्षणातला हाच भाग सर्वांत मोलाचा आहे आणि सहलीतल्या डाइव्हमध्ये नेमका हाच वगळलेला असतो.

आता विहिरीत पोहणाऱ्यांसाठी मुख्य मुद्दा. आपल्याकडे पोराची परीक्षा दमावर होते. तळाची माती कोण आणतो, जास्त वेळ दम कोण धरतो. वर घेतलेला श्वास खाली दाबला जाऊन आकसतो आणि वर येताना पुन्हा पहिल्याइतका होतो, म्हणून दम धरून बुडी मारणाऱ्याच्या फुप्फुसाला वर येताना इजा होत नाही. स्कुबात तुम्ही हवा खाली घेता, तिथल्या दाबाची. दर दहा मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. दहा मीटरवर छातीभर घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट होते. दम धरून वर आलात तर तिला जायला जागा नसते आणि फुप्फुस फाटतं. त्यासाठी फार खोल जावं लागतं असंही नाही, दीड मीटरवरूनही हे घडू शकतं. म्हणून स्कुबाचा पहिला नियम, श्वास कधीही रोखायचा नाही. लहानपणापासून मुरलेली सवय घाबरल्या क्षणी उसळून येते. ज्याला आयुष्यभर दम धरण्याबद्दल शाबासकी मिळाली त्याला हे शिकायला जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ त्याला मिळालाच पाहिजे. वर येण्याचा वेगही मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त नको, शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं.

पाठीवरची टाकी ऑक्सिजनची असते असं गावात सगळे धरून चालतात. तिच्यात साधी, गाळलेली हवाच असते. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली घेतला तर झटके येऊ शकतात. बारा लिटरच्या टाकीत 200 बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे दोनशे पट, दाबाने भरलेली हवा म्हणजे बाहेरची सुमारे 2400 लिटर. मिनिटाला वीस लिटर लागणाऱ्या माणसाला वीस मीटरवर तिप्पट, म्हणजे साठ लिटर लागते, त्यामुळे पूर्ण टाकी चाळीस मिनिटांत संपेल. वर यायला राखीव हवा धरली तर त्याहून कमी. थंडीत श्वास जलद होतो, वेळ आणखी आटतो. बोटं बधिर झाल्याने साधा बकल सुटत नाही, किती हवा उरली ते दाखवणारं गेज वाचायचं भान राहत नाही. शिवाय सारख्याच तापमानाच्या हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून नेतं, त्यामुळे कुडकुडायला लागेपर्यंत वाट बघायची नाही, त्याआधीच वर यायचं.

रेग्युलेटर गोठतो हे ऐकून आमच्या घरात सगळे चकित झाले होते. ट्रॅक्टरच्या टायरची हवा सोडताना व्हॉल्व्ह बोटाला गार लागतो, तसंच इथे होतं, फक्त दाब कितीतरी पट जास्त. 200 बारची हवा एका झटक्यात कमी दाबावर येते, यंत्र गार पडतं, पाणी दहा अंशांच्या खाली असेल तर त्यावर बर्फ धरतो आणि झडप उघडीच अडकते. हवा धो धो वाहू लागते. अशा वाहत्या रेग्युलेटरला तोंड अर्धवट लावून, कडेने हवा सांडू देत, श्वास घेत वर यायचं असतं. हे अभ्यासक्रमात शिकवतात. थंड पाण्यासाठी बंदिस्त रचनेचे वेगळे रेग्युलेटर असतात आणि पाण्याबाहेर विनाकारण त्यातून श्वास घेऊन बघायचा नाही.

कपड्यांबद्दल थोडक्यात. वेटसूटमध्ये पाणी आत येतं आणि अंगाच्या उबेने तापतं. तो खोलवर दाबला जाऊन पातळ होतो, ऊब कमी होते. ड्रायसूटमध्ये पाणी येत नाही. आत गरम कपडे घालता येतात आणि टाकीतली थोडी हवा सोडता येते. पण ती हवा पायांकडे गेली तर माणूस उलटा होऊन वर खेचला जातो, म्हणून त्याचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. मुलींसाठी एक सांगते, मनगटं बारीक असतील तर बाहीच्या रबरी पट्टीतून पाणी शिरतं. आपल्या मापाचा सूट मागून घ्या, संकोच करू नका.

मालवणला सलग दोन-तीन दिवस खरं डायव्हिंग करणाऱ्यांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. खालच्या दाबाने हवेतला नायट्रोजन शरीरात विरघळतो. तो बाहेर पडायला वेळ लागतो आणि त्याआधी दाब कमी झाला तर अंगात त्याचे बुडबुडे धरून इजा होऊ शकते, म्हणून अनेक डाइव्हनंतर विमानासाठी किमान अठरा तास थांबायला सांगतात. आपण विमानाने जात नाही, पण संध्याकाळची गाडी पकडून आंबोलीचा घाट चढतो. तो समुद्रापासून सातशे मीटरच्या जवळपास उंच आहे. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो, धोका तोच. एक रात्र किनाऱ्यावर काढा. थंड पाण्यातून आल्यावर तर जास्तच जपा, कारण गारठलेल्या हातापायांत रक्त कमी फिरतं आणि नायट्रोजन निघायला आणखी वेळ घेतो. लगेच कडक पाण्याने आंघोळही नको.

आता धरणात उतरणाऱ्या मुलांबद्दल, कारण हे सगळं मी मुख्यतः त्यांच्यासाठी लिहिलं. धुळ्यात राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे, ते प्रशिक्षित जवान आहेत. पण ते पोचेपर्यंत घरचे लोक काठावर आक्रोश करत असतात आणि सगळ्या नजरा गावातल्या पोहणाऱ्या मुलाकडे वळतात. नाही म्हणणं त्याला शक्यच नसतं. गाळाचं पाणी, खाली बुडालेली बाभळीची झाडं, जुनी जाळी, वर थंडी. बुडालेला माणूस काही मिनिटांपूर्वी गेला असेल तर जिवाची बाजी लावणं मला समजतं. दुसऱ्या दिवशी, केवळ देह काढण्यासाठी, दोरही न बांधता एका जिवंत पोराला खाली पाठवणं मला मान्य नाही. मान्य नाही हे मी आमच्या गावातही सांगितलं, तेव्हा काही वडीलधारी मंडळी नाराज झाली. त्यांचं दुःख कळूनही मी तेच म्हणेन. आणि घाईघाईत कुठून तरी टाकी आणून त्याच्या पाठीला बांधणं तर त्याहून घातक, कारण तो दम धरूनच वर येणार.

ग्रामपंचायतींनी, मच्छीमार सोसायट्यांनी प्रत्येक तलावावर लाइफ जॅकेट, लांब दोर आणि फेकायची रिंग ठेवावी. पोहण्यात तरबेज आणि इच्छा असलेल्या चार मुलांना लोकवर्गणीतून तारकर्लीच्या सरकारी डायव्हिंग संस्थेत पूर्ण अभ्यासक्रमाला पाठवावं, अर्ध्या तासाच्या सहलीला नव्हे. दोनशे मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं ही तिथली पहिली चाचणी आपली मुलं हसत पार करतील. प्राथमिक प्रमाणपत्राने अठरा मीटरपर्यंत जाता येतं, पण त्यावर शोधकार्य करता येत नाही. गढूळ आणि थंड पाण्यातलं काम त्यानंतर वेगळं शिकावं लागतं, हे पाठवणाऱ्यांनी आणि जाणाऱ्यांनी दोघांनीही आधीच समजून घ्यावं.

ज्यांना आवड म्हणून शिकायचं आहे त्यांनी आधी डॉक्टरांकडून दमा, हृदय, कानाचा पडदा तपासून घ्यावा. सर्दी असेल तर उतरू नये, कान मोकळे होत नाहीत. कान खाली जाताना दुखायची वाट न बघता दर थोड्या अंतराने नाक दाबून मोकळे करावेत, आणि तरीही दुखले तर तिथेच थांबून थोडं वर यावं. प्रशिक्षकाला विचारा, एका वेळी किती जणांना घेता, मास्क काढायचा सराव किती करून घेता. घाई करणारा वाटला तर पैसे सोडून द्या आणि दुसरा शोधा. आमच्या भागातल्या कुणाला, विशेषतः मुलींना, तयारीबद्दल बोलायचं असेल तर मी गावी असते तेव्हा संध्याकाळी घरी या. आबाही असतात, ते चहा पाजल्याशिवाय सोडणार नाहीत.