मोतीबिंदू काय आंबा आहे का पिकायला?

"अजून कच्चाय, पिकू दे, मग थंडीत काढू." हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. सांगणारे प्रेमानेच सांगतात हो, पण सल्ला आजीच्या काळातला आहे. तेव्हा डोळ्याला मोठी चीर देऊन अख्खं भिंग बाहेर काढायचे, टाके घालायचे, नंतर तो सोडावॉटरचा चष्मा आयुष्यभर, मग माणूस पार दिसेनासं होईपर्यंत थांबायचा आणि तेव्हा ते बरोबरच होतं. पण 1967 मध्ये अमेरिकेत डोळ्यांच्या डॉक्टर चार्ल्स केलमनने फेको ही ऑपरेशनची नवी पद्धत आणली त्यालाही आता किती वर्षं झाली! दोन-तीन मिलीमीटरची चीर, अल्ट्रासाउंडने भिंग आतल्या आत फोडून ओढून घ्यायचं, घडी घातलेली लेन्स आत सरकवायची, बहुतेकदा टाकाही नाही. आता उलट मोतीबिंदू जितका पिकेल तितका कडक होतो, फोडायला जास्त ताकद लागते आणि त्याचा मार बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला बसतो. अतीच पिकला तर फुगून किंवा आतून झिरपून डोळ्याचं प्रेशर वाढतं, मग डोळा लाल, ठणका, रात्री धावपळ.

आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे "चष्मा सुटला". आमच्या काकू सत्तरीनंतर बिनचष्म्याच्या तांदूळ निवडायला लागल्या, घरात कौतुक, क्रेडिट गाजराच्या रसाला. पण गेटपाशी उभी असलेली मी कोण ते आवाज दिल्याशिवाय कळेना, समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसायचे. भिंगाचा मधला भाग घट्ट होत गेला की मायनस नंबर येतो, म्हणून जवळचं तेवढं काही दिवस छान दिसतं. तोच मोतीबिंदू!

थेंबांनी तो विरघळत नाही, मधाने नाही, गुलाबपाण्याने तर नाहीच. "ऑपरेशन करून परत आला" म्हणतात तेही तसं नसतं, नव्या लेन्समागचं पातळ आवरण धुरकटतं, ते लेझरने काही मिनिटांत मोकळं करतात. म्हणून उद्याच पळा असंही नाही, वाचन, गाडी, स्वयंपाक नीट चालत असेल तर डॉक्टरही सहसा थांबा म्हणतात. फक्त त्याच फेरीत प्रेशर आणि मागची नस बघून घ्या, घरात कुणाला काचबिंदू (त्यात ही नसच हळूहळू खराब होते) असेल तर नक्कीच, कारण त्यात गेलेली नजर कुठल्याच ऑपरेशनने परत येत नाही.

कॉमेंटमध्ये कांद्याचा रस सुचवणाऱ्यांना सरळ ब्लॉक करणारे.