विद्यापीठातला पहिला आठवडा खिडक्यांपुढेच संपला

पदव्युत्तर शिक्षणासाठी मराठवाड्यातून पुण्यात आलेल्या विद्यार्थ्याचा पहिला आठवडा वर्ग, ग्रंथालय आणि नवे सोबती यांत जावा, ही अपेक्षा काही अवाजवी नाही. माझा तो सबंध आठवडा विद्यापीठाच्या निरनिराळ्या खिडक्यांपुढे रांगेत गेला, आणि पलीकडे बसलेल्यांना त्याचे काडीचेही सोयरसुतक नाही, याचा मला मनस्वी संताप आला आहे.

वसतिगृहाच्या अर्जाला बोनाफाइड, म्हणजे आपण इथलेच विद्यार्थी असल्याचा दाखला लागतो. तो विभागात मागितला, तर तुमचा प्रवेश अजून तात्पुरता आहे, आधी पात्रता विभागाची मान्यता आणा, असे सांगतात. पात्रता विभागाला आधीच्या विद्यापीठाचे मायग्रेशन (ते विद्यापीठ सोडल्याचे प्रमाणपत्र) मूळ स्वरूपात हवे असते, आणि ते विद्यापीठ अर्ज घेऊन सवडीने टपालात टाकते. तोवर वसतिगृहाच्या अर्जाची मुदत उलटते. वसतिगृह, विभाग आणि पात्रता ही इथली तिन्ही कार्यालये एकाच आवारात आहेत, प्रत्येक मेजावर संगणक आहे, आणि तीच गुणपत्रके, तोच दाखला, तोच फोटो आम्ही प्रवेशाच्या वेळी संकेतस्थळावर चढवलेला आहे. तरीही या खोलीतली माहिती त्या खोलीत पोचवण्याचे काम, आवारातले रस्तेसुद्धा ठाऊक नसलेल्या नवख्या मुलांनी करायचे.

माझ्या पुढच्या मुलीचा अर्ज केवळ फोटो स्टेपल केला म्हणून परत आला. खिडकीतल्या बाईंनी पिन उपसली, फोटो तिच्यापुढे सारला आणि ‘डिंकाने चिकटवून आणा’ म्हणाल्या. डिंकाची बाटली त्यांच्याच मेजावर, शिक्क्यांच्या शेजारी होती. तिने ती मागितली, तर ‘ती ऑफिसची आहे’ असे उत्तर मिळाले. शेवटी डिंक दिला तो फाटकाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याने, तोही फुकट. (कोणत्या खिडकीला कोणते कागद लागतात याची त्याच्या दुकानात टांगलेली यादी विद्यापीठाच्या सूचनाफलकापेक्षा अचूक आहे, हेही नमूद केले पाहिजे.)

रॅगिंगविरोधी हमीपत्राची तर कमालच आहे. 2009 साली हिमाचल प्रदेशातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात अमन कचरू या विद्यार्थ्याचा रॅगिंगमुळे मृत्यू झाला, आणि त्याच वर्षी यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, विनियम करून विद्यार्थी व पालक या दोघांकडूनही प्रतिज्ञापत्र घेणे बंधनकारक केले. त्यामागच्या हेतूविषयी कोणाचेही दुमत नसेल. पण आता ते ऑनलाइन भरता येते आणि नोंदणी क्रमांक ईमेलने येतो. आमच्या कार्यालयाला मात्र ते मुद्रांकावर, नोटरीच्या शिक्क्यासह, वडिलांच्या समक्ष सहीचे हवे होते. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्य सरकारने शंभराच्या मुद्रांकाच्या जागी पाचशेचा आणला, तेव्हा ही हौस किती महाग पडते ते वेगळे सांगायला नको. एका सहीसाठी वडील सोयाबीनची फवारणी अर्धवट टाकून रात्रीच्या एसटीने आले. नोटरीने त्यांच्याकडे मान वर करून पाहिलेही नाही.

मूळ गुणपत्रिका ‘पडताळणीसाठी’ ठेवून घेतल्या, त्याची पावती मागितल्यावर ‘हरवणार नाहीत हो’ एवढेच ऐकायला मिळाले. मूळ प्रमाणपत्रे तपासून लगेच परत करावीत, ठेवून घेऊ नयेत, असे यूजीसीने 2018 मध्येच स्पष्ट केले आहे. तसे नम्रपणे सांगून पाहिले, तर ‘मग यूजीसीतच प्रवेश घ्या’ असा टोला मिळाला आणि मागची रांग हसली.

या सगळ्यात राहायचे कुठे, हा प्रश्न कोणत्याच खिडकीचा नाही. वसतिगृहाची यादी ‘यथावकाश’ लागणार असल्याची सूचना फलकावर आहे. तिच्यावर शिक्का आहे, तारीख नाही. तोवर कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरती, जागा शोधा, डिपॉझिट भरा, एजंटला एका महिन्याचे भाडे द्या, आणि मेसचे पैसे आगाऊ मोजा, जिथे खाडे, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे, वजा धरत नाहीत. ज्यांना हे परवडत नाही, ते ओळखीच्या सीनियरच्या खोलीत जमिनीवर पथारी पसरून पॅरासाइट (वसतिगृहाच्या भाषेत बिनपरवाना पाहुणा) म्हणून राहतात, आणि रेक्टरच्या तपासणीत सापडले की दंड भरतात. यादी उशिरा लावणाऱ्याला दंड झाल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

नवागतांना रुळता यावे म्हणून 2019 मध्ये यूजीसीने ‘दीक्षारंभ’ नावाच्या उद्बोधन कार्यक्रमाची मार्गदर्शिका काढली आहे. आमच्याकडेही तो झाला. वातानुकूलित सभागृहात मान्यवरांनी विद्यार्थी हा विद्यापीठाचा केंद्रबिंदू असल्याचे सांगितले. कार्यक्रमाची वेळ साडेदहा ते दोन होती, उपस्थिती सक्तीची होती, आणि खिडक्या उघड्या असण्याची वेळ अकरा ते एक होती. हे वेळापत्रक ज्यांनी आखले, त्यांना स्वतःला एकदा तरी त्या रांगेत उभे केले पाहिजे, तेही पाणी पिण्याची सोय नसलेल्या बाजूला. 75 टक्के हजेरीची अट मात्र पहिल्या दिवसापासून लागू आहे, आणि अमुक दिवशी अमुक विद्यार्थी आमच्या रांगेत उभा होता, असा दाखला यांपैकी एकही खिडकी देत नाही.