रॉचेस्टर ‘बुडालं’ म्हणण्याआधी हद्द बघा

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरबद्दल सगळीकडे एकच वाक्य ऐकू येतं: तिथली कॅमेरा-फिल्मची कंपनी कोडॅक बुडाली, शहर बुडालं. मला हे वाक्य खटकतं, कारण जनगणनेचे आकडे वेगळंच सांगतात.

१९५० मध्ये शहराची लोकसंख्या ३,३२,४८८ होती, १९८० मध्ये २,४१,७४१ आणि २०२० मध्ये २,११,३२८. कोडॅकच्या तिथल्या नोकरदारांची संख्या शिखरावर होती १९८२ साली, साठ हजारांच्या वर. म्हणजे एकूण घटीतली तीन चतुर्थांश घट कंपनी भरभराटीत असतानाच झाली होती! मार्चमध्ये कामगारांच्या हातात बोनस पडायचा, गाड्यांच्या शोरूमवाल्यांचा धंदा त्या आठवड्यांत जोरात चालायचा, आणि तोच पगार घेऊन माणसं हद्दीबाहेर घरं बांधत होती.

ती गेली ग्रीस, पेनफिल्ड, पिट्सफर्ड या उपनगरांत. शहर ज्या मन्रो काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात) आहे, तिची लोकसंख्या १९५० ला ४,८७,६३२ होती, २०२० ला ७,५९,४४३ झाली. पुण्याने २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत घेतली, तसं रॉचेस्टरला जमलेलं नाही. प्रत्येक उपनगराचा कारभार वेगळा, शाळा वेगळ्या, मालमत्ता कर वेगळा. कर भरणारा हद्दीपलीकडे आणि गरिबी हद्दीच्या आत. आज शहरातल्या दर पाच मुलांपैकी सुमारे दोन दारिद्र्यरेषेखाली आहेत.

आत राहिलं कोण? त्यात अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं होती, ज्यांना चांगल्या कारखान्यांची दारं बंद होती. जुलै १९६४ ची दंगल त्यातूनच पेटली. डिसेंबर १९६६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या ‘फाइट’ या संघटनेशी कोडॅकचा ६०० नोकऱ्यांचा करार झाला आणि काही दिवसांत कोडॅकनेच तो झटकून टाकला. माझ्या मते रॉचेस्टरची खरी जखम ही आहे, कोडॅकची २०१२ ची दिवाळखोरी नव्हे.

आता सगळ्यात जास्त नोकऱ्या देणारं म्हणजे रॉचेस्टर विद्यापीठ आणि त्याची रुग्णालयं. डॉक्टर, संशोधक वरती. खाली सफाई, स्वयंपाकघर, रुग्णसेवा. शाळा संपवून कारखान्यात लागायचं आणि तिथेच वर चढत जायचं, ती मधली पायरी मात्र गळाली.

असं शहर समजून घ्यायचं तर अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर डीपी०३ हा रोजगार-उत्पन्नाचा तक्ता आधी शहरासाठी काढा, मग काउंटीसाठी. तो माणूस राहतो कुठे ते सांगतो, काम कुठे करतो ते नाही. त्यासाठी त्याच विभागाच्या ‘ऑनदमॅप’ या ऑनलाइन नकाशात शहर निवडून बाहेरून किती येतात आणि बाहेर किती जातात ते बघा. त्यात स्वयंरोजगारवाले येत नाहीत, आणि अनेक शाखांच्या संस्थेची माणसं कधीकधी मुख्य कार्यालयाच्या पत्त्यावर मोजली जातात. बेरोजगारीचा दर एकटा घेऊ नका. काम शोधणंच सोडलेला माणूस त्यात नसतो.

आणखी एक. १९६८ पासून इथल्या आरआयटीत (रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) कर्णबधिरांसाठी राष्ट्रीय तंत्रशिक्षण संस्था चालते, त्यामुळे सांकेतिक भाषेत काम करणारा मोठा शिक्षित वर्ग या भागात आहे. तक्त्यात तो शोधायला जाल तर ‘ऐकण्यात अडचण’ या रकान्यात म्हातारपणी कमी ऐकू येणाऱ्यांबरोबर मिसळलेला दिसेल, आणि भाषेच्या रकान्यात त्यांची नोंद ‘घरी इंग्रजी’ अशी होते.