क्वेकर ‘लग्न करत नसत म्हणून संपले’? खुलासा

‘क्वेकर पंथात लग्नाला बंदी होती, म्हणून तो नामशेष झाला’ असा एक मेसेज फिरतोय. क्वेकर म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ. मेसेजमधल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

ब्रह्मचर्य पाळणारे ते शेकर, हा वेगळाच ख्रिस्ती पंथ. नावं सारखी, घोळ इथेच. क्वेकर लग्नं करत, पण पंथातच. पंथाबाहेर लग्न केलं की सदस्यत्व जाई. आपल्याकडे जातीबाहेर टाकत तसंच काहीसं! सतराव्या शतकाच्या मानाने 1850 पर्यंत ब्रिटनमधले क्वेकर फारच थोडे उरले होते, आणि त्यामागे हा नियम मोठं कारण होता. ही घट इतकी बोचली, की तिची कारणं सांगणाऱ्या निबंधाला शंभर गिनींचं बक्षीस लागलं. 1859 मध्ये ते यॉर्कच्या जॉन स्टीफन्सन राउंट्री यांना मिळालं. त्यांनीही याच नियमावर बोट ठेवलं आणि 1860 च्या सुमारास तो सैल झाला.

आज जगात काही लाख क्वेकर आहेत. सर्वाधिक केनियात, जिथे 1902 मध्ये अमेरिकन क्वेकर मिशनरी पोचले.

आणि हो, ‘क्वेकर’ ओट्सच्या डब्यावरचा टोपीवाला फक्त ट्रेडमार्क. त्या कंपनीचा पंथाशी संबंध नाही.